शरीराची पहारेदारी (भाग ७) : हिव का भरतं?

'हिवताप' हा शब्द ज्या कोणी घडवला, त्याने आजाऱ्याच्या उशाशी बसून रात्र काढली असणार. मलेरियाचा रुग्ण दोन गोधड्या पांघरूनही कुडकुडतो, दातांवर दात आपटतात आणि त्याच वेळी थर्मामीटरचा पारा चढत असतो. हिवही खरं, तापही खरा.

मागच्या आठवड्यात सुजेच्या जागी पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे रेणू सोडून एकमेकींना कशा हाका मारतात, ते आपण पाहिलं. हे रेणू रक्तात पुरेसे मिसळले की हाक मेंदूपर्यंत पोचते. व्हायवॅक्स जातीच्या मलेरियात परजीवी साधारण दर ४८ तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटण्याची वेळ आणि ताप भरण्याची वेळ जुळते, हे कॅमिलो गॉल्जी यांनी १८८०च्या दशकातच इटलीत दाखवलं होतं. फुटलेल्या पेशींतून सांडलेला ऐवज पाहून पांढऱ्या पेशी खवळतात आणि इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ व टीएनएफ हे रेणू सोडतात. म्हणजे ताप थेट जंतू आणत नाही, आपलं शरीरच आणतं. १९४८ साली पॉल बीसन यांनी सशाच्या पांढऱ्या पेशींतूनच ताप आणणारा पदार्थ मिळवला, तेव्हा या समजुतीला भक्कम आधार मिळाला. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर तापाकडे पाहण्याची नजरच बदलली.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखतो. सायटोकाइनचा निरोप तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी घेतात आणि कॉक्स-२ या विकराच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतात. हा छोटा रेणू शेजारच्या चेतापेशींपर्यंत झिरपतो आणि राखायच्या तापमानाची खूण वर सरकते, समजा ३९ वर. आता ३७ अंशांवरचं अंग मेंदूच्या हिशेबी गार आहे! मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, स्नायू थरथरून ऊब निर्माण करतात. 'अंग भाजतंय आणि थंडी कसली वाजते?' असं आजाऱ्याला म्हणू नये, त्याची थंडी भास नसते. पारा ३९ला टेकला की हुडहुडी थांबते. निरोप ओसरला की खूण खाली येते, दरदरून घाम फुटतो.

पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिनच रोखतं. अ‍ॅस्पिरिनही तेच करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवलं. ताप उतरतो, पण परजीवी रक्तात तसेच राहतात. गोळीने बरं वाटलं म्हणून रक्ततपासणी टाळणं म्हणूनच धोक्याचं.

उष्माघाताची गोष्ट मात्र निराळी. विदर्भातल्या मे महिन्यात शेतात कोसळलेल्या माणसाचं अंग ४० अंशांपलीकडे तापलेलं असतं, पण त्याच्या मेंदूतली खूण ३७लाच असते. वर सरकलेलीच नाही, तर गोळी खाली काय आणणार? त्याला सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि तसंच थेट दवाखाना गाठायचा.