पोलादावर उमटलेला हात

सॅम्युएल कोल्टचे नाव राहिले ते यंत्रामुळे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील त्याच्या कारखान्यात रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग यंत्रावर हजारोंनी, जवळजवळ एकाच मापाचे घडत. तिथले ‘१८५१ नेव्ही’ हे मॉडेल दोन लाखांहून अधिक संख्येने बनले. पण याच कोल्टला जर्मन मुलखातून आलेले नक्षीकार लागत. प्रशियात जन्मलेला गुस्ताव यंग त्यांतला अग्रणी. यंत्राने एकसारखी केलेली वस्तू छोट्या कोरणीने पुन्हा एकमेव करायची, हे त्याचे काम. म्हणूनच मला वाटते, जुनी नक्षीदार रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्याने जपायचा असतो तो कारागिराचा हात. हा हात उमटलेला असतो धातूच्या अगदी वरच्या थरात, त्यामुळे वस्तू लखलखीत करण्याची हौस तिचा जितका घात करते तितका शंभर वर्षांचा वापरही करत नाही.

हे पटायला दोन तऱ्हांची नक्षी शेजारी ठेवून पाहावी. ‘नेव्ही’च्या सिलिंडरवर १६ मे १८४३ ची कँपेचीची लढाई आहे. टेक्सासच्या आरमाराने कोल्टची सुरुवातीची रिव्हॉल्व्हर घेतली होती, त्या खरेदीची ही परतफेड. हे चित्र वॉटरमन ऑर्म्सबी या नोटांचे ठसे कोरणाऱ्या कलावंताचे. पण सिलिंडरवर ते पोलादी ठशाने दाबून उमटवले जाई, म्हणून सगळीकडे तेच आणि खोलीला उथळ. यंगच्या वेलबुट्टीचे तसे नाही. वळणे घेत जाणारी पाने आणि त्यांच्या मागची बारीक टिंबांची जमीन प्रत्येक तुकड्यावर नव्याने बसवावी लागे, कारण नळीची, चौकटीची, घोड्याची जागा निरनिराळी. हे कोरकाम पोलाद मऊ असताना होई. भागांना कठीणपणा आणि रंग नंतर मिळे. इथेच पारखीला धागा सापडतो. मूळ नक्षी असेल तर रेघेच्या तळाशीही तोच जुना रंग असतो. कारखान्याची अक्षरे किंवा क्रमांक कापून वेल पुढे गेली असेल, तर ती बहुधा मागाहून कोणीतरी चढवलेली. आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील, चौकटीचे कोपरे गोलावले असतील, तर पॉलिशच्या चाकाने नक्षीचाही वरचा भाग खाल्ला आहे हे ओळखावे.

मग गंजू द्यायचे का, असा रास्त प्रश्न येतो. नाही. गंज थांबवणे आणि नवेपणा आणणे ही दोन कामे आहेत. हलक्या हाताने तेल लावून, दमट हवेपासून दूर ठेवून पहिले साधते. दुसरे करताना पुरावा जातो आणि तो परत आणता येत नाही. झिजलेले पण कोणी हात न लावलेले हत्यार मला नव्याने निळी झळाळी दिलेल्या हत्याराहून मोलाचे वाटते ते याच कारणाने.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. हे कारागीर क्वचितच सही करत. मग अमुक काम अमक्याचे, हा बाजाराने रचलेला समज कशावरून नाही? पुष्कळदा तो तसा असतोही. १८६४ च्या फेब्रुवारीत कोल्टच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि त्याआधीच्या नोंदी अपुऱ्या उरल्या. पण न्यूयॉर्कचा नक्षीकार लुई निम्श्के आपल्या कोरीवकामाचे शाईचे ठसे कागदावर घेऊन वहीत जपत असे. ही वही १९६५ साली छापून निघाली आणि वस्तू व ठसा रेघेला रेघ लावून ताडता येऊ लागले. रेघ घासली गेली असेल, तर निम्श्केची वहीसुद्धा मुकी राहते.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप: हे माणसे मारायचे साधन आहे, त्याचे सौंदर्य कशाला मिरवायचे? ही नक्षी शस्त्रविक्रीचीच चाकर होती, हे झाकू नये. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात, १८५४ साली, कोल्टने झार पहिला निकोलस याला सोन्याची नक्षी जडवलेली रिव्हॉल्व्हर भेट दिली. त्यांतल्या एकीची जोडीदार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्यावर जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा सोन्यात बसवला आहे. प्रजासत्ताकाच्या संस्थापकाची छबी घेऊन हत्यारे विकायला निघालेला व्यापारी या एका वस्तूतून जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल. कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर सोन्याची नक्षी, केलेल्या आपल्याकडच्या तलवारी आपण संग्रहालयात पाहतो, तेव्हाही कारागिराचे कसब आणि पात्याचा हेतू एकदमच समोर असतात.

भारतात चालू स्थितीतली रिव्हॉल्व्हर परवान्याशिवाय बाळगता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराणवस्तूंना. त्यामुळे इथल्या बहुतेक रसिकांच्या वाट्याला संग्रहालयाची काच आणि चांगली छायाचित्रेच येणार. छायाचित्र निवडताना प्रकाश बाजूने, तिरपा पडलेला असावा. समोरून पाडलेल्या उजेडात सोने चमकते. तिरप्या उजेडात रेघेची खोली दिसते, कोरणी कुठे थांबली आणि कुठून पुन्हा वळली तेही दिसते.