टेकडीवरचा मुक्काम आणि पायथ्याचे स्टेशन

इटलीच्या सहलीचा विचार सुरू झाला की उंब्रिया आणि तोस्कानातल्या टेकड्यांवरच्या जुन्या गावांबद्दल दोन अगदी उलट मते ऐकू येतात. एक मत असे, की ही गावे दुर्गम आहेत. दुपारी जाऊन फोटो काढावेत आणि संध्याकाळी फ्लॉरेन्सला किंवा रोमला परतावे. दुसरे मत असे, की अशा कुठल्याही गावात आठवडाभर राहावे, आसपासचे सगळे आपोआप पाहून होते. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि कारण एकच आहे. दोन्हींत गावाची उंची आणि देखणेपणा पाहिला जातो. गाव आणि त्याच्या पायथ्याचे रेल्वे स्टेशन यांना जोडणारे साधन कोणते, ते किती वेळाने सुटते आणि शेवटची फेरी कधी, हे पाहिले जात नाही. मुक्कामासाठी गाव सोयीचे की नाही, ते या शेवटच्या टप्प्यावर ठरते.

त्यामागे इतिहास आहे. शत्रूपासून संरक्षण आणि खोऱ्यातल्या दलदलीमुळे पसरणारा हिवताप, या दोन्ही कारणांनी मध्य इटलीत माणसे उंचावर राहिली. रेल्वे आली ती १९व्या शतकात आणि तिने साहजिकच नद्यांच्या खोऱ्यातली सपाट वाट धरली. त्यामुळे गाव वर आणि स्टेशन खाली अशी फारकत जागोजागी झाली. काही गावांनी ती भरून काढली, काहींनी नाही. ओर्व्हिएतो हे पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण. ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या, चहूबाजूंनी तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर हे गाव वसले आहे. खालून पाहताना तिथे पोचायला अर्धा दिवस लागेल असे वाटते. प्रत्यक्षात रोम–फ्लॉरेन्स या जुन्या रेल्वेमार्गाचे स्टेशन कड्याच्या पायथ्याशी आहे आणि स्टेशनासमोरूनच दोरखंडाने ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी काही मिनिटांत वर नेते. ती १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. १९७० मध्ये बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा धावू लागली. गावाच्या दुसऱ्या बाजूला वाहनतळापासून वरपर्यंत सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. त्यामुळे ‘वयस्करांना हे गाव झेपणार नाही’ हा समज इथे टिकत नाही. मात्र गल्ल्यांतली दगडी फरसबंदी आणि चढउतार आहेतच. गुडघे दुखणाऱ्यांनी फ्युनिक्युलरच्या जवळची खोली घ्यावी, हे सांगायलाच हवे.

यावर एक रास्त आक्षेप येतो: रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडी दीड तासात पोचते, मग मधल्या गावात का थांबायचे? वेगवान गाड्या ओर्व्हिएतोला सहसा थांबत नाहीत, हे खरे. पण साध्या प्रादेशिक गाडीने रोम साधारण सव्वा तासावर आहे आणि फ्लॉरेन्स दोन तासांच्या थोडे पुढे. प्रादेशिक गाडीचे भाडे अंतरावर ठरते. आधी काढा वा ऐनवेळी, ते सारखेच. म्हणजे सकाळी पाऊस दिसला तर बेत बदलता येतो. दुसरे असे, की दिवसभराचे पाहुणे संध्याकाळी खाली उतरतात आणि गाव तिथल्या लोकांचे होते. १२९० मध्ये पायाभरणी झालेल्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग पश्चिमाभिमुख आहे. त्यावरची सोनेरी मोझेइक मावळतीच्या उन्हात उजळतात, ती दुपारच्या गाडीने परतणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. आतल्या सान ब्रित्सिओ चॅपेलमधली लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रे घाईने पाहण्याची नव्हेत. सेंट पॅट्रिकच्या विहिरीचेही तसेच. १५२७ मध्ये रोम लुटले गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून त्याने ही विहीर खोदायला लावली. तिच्या भिंतीत एकमेकींभोवती वळत जाणारे, पण कुठेही न भेटणारे दोन जिने आहेत: पाणी आणणारी खेचरे एकाने उतरत आणि दुसऱ्याने चढत. तरीही ज्याच्या हाती इटलीसाठी तीनच दिवस आहेत, त्याने रोम सोडू नये. टेकडीवरचा मुक्काम आठ-दहा दिवसांच्या प्रवासात फळतो.

आता दुसरे मत. ओर्व्हिएतोहून सगळे काही जवळ नाही. आसिसीला जायचे तर तेरोन्तोलाला गाडी बदलावी लागते, सिएनाला जायचे तर किउसीला. जाऊन-येऊन दिवसाचा मोठा भाग डब्यात जातो. आसिसी, स्पेल्लो ही गावे मनात असतील तर पेरुजा कितीतरी सोयीचे. तिथे २००८ पासून छोटी मिनिमेट्रो स्टेशनावरून जुन्या गावाजवळ नेते आणि आसिसी रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येते. उलट सान जिमिन्यानोला रेल्वेच नाही. पोज्जिबोन्सीला उतरून बस धरावी लागते. मोन्तेपुल्चानोच्या नावाचे स्टेशन गावापासून बरेच दूर आहे. ही गावे सुंदर आहेत, पण रेल्वेने रोज नवे ठिकाण पाहायचे असेल तर मुक्कामाला अडचणीची.

मग मोटार भाड्याने घ्यावी, असे सुचवले जाते. पिएन्झा आणि ओर्चा खोऱ्यासारख्या भागासाठी ते बरोबरही आहे. पण मोटार सर्वत्र स्वातंत्र्य देते, हा समज महागात पडतो. बहुतेक जुन्या गावांच्या गाभ्यात वाहनबंदीचे क्षेत्र असते, प्रवेशावर कॅमेरे असतात आणि दंडाची सूचना घरी परतल्यावर काही महिन्यांनी येते. हॉटेल गाभ्यात असेल तर गाडीचा क्रमांक आधी कळवून परवानगी मिळते का, ते विचारून घ्यावे. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो आणि तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते.

बसवर अवलंबून असणाऱ्या सहलींत मात्र खरी जोखीम आहे. कड्याच्या झिजेमुळे जवळजवळ ओस पडलेले आणि फक्त पादचारी पुलाने जोडलेले चिविता दी बान्योरेज्जो ओर्व्हिएतोहून बसने गाठता येते. पण फेऱ्या मोजक्या आहेत आणि रविवारी-सुट्टीला त्यांचा भरवसा धरू नये. म्हणून बसची ठिकाणे आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी ठेवावीत आणि रविवारी रेल्वेची. रेल्वेचा संप जाहीर झाला तर कामकाजाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात. त्या दिवशी सकाळी लवकर निघून संध्याकाळच्या गाडीने परतता येते.