आंबवण क्रियेतून हायड्रोजन : गोबरगॅसधारकांनी काय समजून घ्यावे?

केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिल्यापासून या वायूची चर्चा गावोगावी पोहोचली आहे. शेण व काडीकचरा यांपासून जिवाणू हायड्रोजन तयार करतात, मग घरच्या गोबरगॅसमधूनच तो का घेऊ नये, असे अनेक शेतकरी बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. कारण गोबरगॅस संयंत्रात हायड्रोजन आजही तयार होतच असतो. फक्त तो बाहेर येण्याआधी खाल्ला जातो.

हवाबंद टाकीत सेंद्रिय पदार्थ टप्प्याटप्प्याने कुजतात. पहिल्या फळीतील जिवाणू पिष्टमय पदार्थ व तंतूंची साखर करतात, ती आंबवतात आणि त्यातून अॅसेटिक व ब्युटिरिक यांसारखी आम्ले, कर्बवायू आणि हायड्रोजन तयार होतो. त्यामागून येणारे मिथेन जिवाणू ही आम्ले व हायड्रोजन वापरून मिथेन बनवितात. चुलीत जळतो तो हाच मिथेन.

संयंत्रात उरलेले अन्न, गूळ किंवा पीठ एकदम जास्त टाकले की ते 'आंबट' होते आणि गॅस पेटेनासा होतो, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. आम्ल वाढून सामू घसरला की मिथेन जिवाणू मंदावतात, पहिली फळी मात्र काम करीत राहते. हायड्रोजन मिळवायचा तर हीच स्थिती मुद्दाम, पण काबूत ठेवून आणावी लागते. त्यासाठी विरजण म्हणून घ्यायचा शेणकाला आधी उकळत्या पाण्याच्या आसपास तापवितात. त्यात मिथेन जिवाणू मरतात, तर क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू बीजाणूरूपाने तग धरतात. पुढे सामू ५.५ ते ६ च्या दरम्यान व तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. तयार झालेला वायू सतत काढून घ्यावा लागतो, कारण तो टाकीत साठला की जिवाणू हायड्रोजन देणे कमी करतात. मिळणाऱ्या वायूत हायड्रोजनबरोबर कर्बवायूही मोठ्या प्रमाणात असतो, तो वेगळा काढावा लागतो.

आता उताऱ्याचा हिशेब पाहू. १ किलो ग्लुकोज साखरेपासून या पद्धतीने जास्तीत जास्त ५०० लिटर, म्हणजे वजनाने सुमारे ४५ ग्रॅम हायड्रोजन मिळू शकतो. प्रत्यक्षात याच्या निम्मा मिळाला तरी बरा समजतात. तेवढ्याच साखरेपासून सुमारे ३७० लिटर मिथेन मिळू शकतो. आकड्यांवर जाऊ नये. १ घनमीटर मिथेन जळताना १ घनमीटर हायड्रोजनच्या तिपटीहून अधिक उष्णता देतो. म्हणजे साखरेतील उष्णतेचा फार तर सुमारे ४० टक्के भाग हायड्रोजनमध्ये येतो. बाकीचा बहुतांश आम्लांच्या रूपाने द्रावणातच राहतो.

म्हणून हे द्रावण फेकून न देता दुसऱ्या टाकीत घालून त्यापासून मिथेन घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पहिल्या टाकीत माल काही तास ते एक-दोन दिवसच राहतो, दुसऱ्या टाकीला त्याहून बरेच जास्त दिवस लागतात.

कोणताही कचरा चालतो हा समजही बरोबर नाही. या जिवाणूंना साखर व पिष्ट लवकर पचते. त्यामुळे मळी, आसवनीचे सांडपाणी, बटाट्याचा चोथा, बाजारातील सडकी फळे व भाजी हा माल चांगला. पाचट व काड यांतील तंतू लिग्निनने जखडलेले असल्याने ते आधी बारीक करून रसायन अथवा उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागते आणि तेथेच खर्च वाढतो. शिवाय मळीला इथेनॉलचे गिऱ्हाईक आहेच, आणि पाचटाची जागा, प्रस्तुत लेखकाच्या मते, खोडव्याच्या सरीतच आहे.

खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत एंटरोबॅक्टर क्लोअकी या जिवाणूपासून हायड्रोजन मिळविण्यावर बरेच काम झाले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या पद्धतीत मात्र भात, गहू, मका यांच्या काडापासून प्रथम मिथेनयुक्त बायोगॅस घेतात व मग त्याचे रूपांतर हायड्रोजनमध्ये करतात. हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

घरच्या संयंत्रात असा प्रयोग मुळीच करू नये. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला असता ठिणगीने स्फोट होऊ शकतो. मिथेनच्या बाबतीत ही मर्यादा ५ ते १५ टक्के आहे. हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही आणि तो बारीक फटीतूनही निसटतो. साधा गॅसपाइप, घुमट व शेगडी त्यासाठी बनविलेली नसते.

हायड्रोजन संयंत्र घेण्याचा आग्रह कोणी केल्यास रोज किती व कोणता कच्चा माल लागेल, आम्लयुक्त द्रावणाचे काय होणार, आणि वायू शुद्ध करून साठविण्याचा खर्च कोण करणार, हे लेखी मागावे. ज्यांचे गोबरगॅस संयंत्र आंबट झाले असेल त्यांनी काही दिवस खाद्य बंद ठेवावे, थोडी चुन्याची निवळी घालावी आणि चांगल्या चालू संयंत्रातील स्लरी आणून त्यात मिसळावी.