पाडव्याला चार दिवस रजा टाका, आणि बेंगळुरूतच राहा!

“तुमचं बरं आहे बुवा, विद्यापीठवाल्यांना सुट्ट्याच सुट्ट्या!” बेंगळुरूतल्या एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत तुम्ही नोकरीला असाल, तर पुण्या-कोल्हापूरच्या नातेवाइकांचं हे वाक्य तुमच्या पाठ झालं असेल. अमेरिकेतल्या भाच्याला मार्चमध्ये आठवडाभर वसंताची सुट्टी मिळते. आपल्याकडे त्याच दिवसांत अंतर्गत परीक्षा, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षा आणि आर्थिक वर्षाची अखेर एकदम अंगावर येते.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार वर्षात किमान ३० आठवडे प्रत्यक्ष शिकवणं व्हायलाच हवं. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या वाट्याला साधारण ८ आठवड्यांची सुट्टी येते, पण ती वसंतात नाही. ऑफिसातली, लायब्ररीतली माणसं तर या मोठ्या सुट्टीत धरलेलीच नसतात. त्यांच्यासाठी असते अर्जित रजा, म्हणजे आपली ईएल. केंद्र सरकारच्या नियमांनुसार ती वर्षाला ३० दिवस मिळते. जानेवारीत १५ आणि जुलैत १५ दिवस खात्यावर जमा होतात. ही रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. गोची इथेच आहे! रजा ही विश्रांतीसाठी असते हे विसरून आपण तिला फिक्स्ड डिपॉझिट समजायला लागतो. ज्यांचे ३०० भरत आलेत, त्यांची तर पुढची रजा वायाच जायला लागते, तरी ते हलत नाहीत.

तर या वर्षी त्यातले चार दिवस मोडा. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या सुरुवातीला येतो. कर्नाटकात त्या दिवशी उगादीची सुट्टी असतेच. तिला जोडून शनिवार-रविवार धरले की छान आठवडा होतो. आणि एक जरा अवघड गोष्ट करा : गावाला जाऊ नका. राणी चेन्नम्मानं रात्रभर प्रवास करून मिरजेला उतरायचं, तीन घरी जेवायचं आणि परत यायचं, यात प्रेम भरपूर असतं, पण आराम नसतो. आईला फोन करून आधीच सांगा, “मे महिन्यात येतो, आता जरा पडून राहणार आहे.” थोडं रुसणं होईल, पण तुमचा आवाज ऐकून तिलाही कळेल की तुम्ही दमलाय.

बेंगळुरूचा वसंत बघायला तिकीट लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळा आणि गुलाबी टॅबेबुया, मग निळा-जांभळा जॅकरांडा, त्यामागून गुलमोहर. करंजाची जुनी पानं गळून कोवळी, चकचकीत पालवी येते तीही याच दिवसांत. ही रांग आपोआप लागलेली नाही. जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल १९०८ मध्ये इथे आले. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा बेतानं शहरात झाडं लावण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढे १९८०च्या दशकात वन अधिकारी नेगिनहाळ यांच्या पुढाकारानं शहरात सुमारे १५ लाख झाडं लागली. तुम्ही रोज ज्या सावलीत गाडी लावता, ती कदाचित त्यांतलीच असेल.

सर सी. व्ही. रामन यांनी भारतीय विज्ञान संस्थेतून १९४८ मध्ये निवृत्त झाल्यावर जवळच स्वतःची संस्था उभारली आणि तिथे बाग फुलवली. नोबेल मिळवलेला हा माणूस साठच्या दशकात फुलांच्या रंगांवर शोधनिबंध लिहीत होता! तुम्हाला काही लिहायचं नाही, नुसतं बघायचंय. वर्गांना सुट्टी असलेल्या दिवशी सकाळी सात वाजता आपल्याच कॅम्पसमध्ये चक्कर मारा. एरवी तुम्ही त्या रस्त्यावरून फाइल घेऊन धावत असता. खिडकीच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं कागदी पोळं दिसलं तर लांबूनच बघा. प्रा. राघवेंद्र गदगकरांनी विज्ञान संस्थेत अशाच पोळ्यांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्या जातीतली राणी दादागिरी करत नाही, उलट फार शांत असते. (आपल्या विभागप्रमुखांना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.)

एक संध्याकाळ मल्लेश्वरमसाठी ठेवा. ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून या भागाला नाव मिळालं, त्या देवळाचं आपल्याशी जुनं नातं आहे. काडु म्हणजे रान. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी या देवाला गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. मुलांना बरोबर न्या. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती, हे त्यांना पुस्तकापेक्षा तिथल्या पायऱ्यांवर बसून पटकन समजतं.

मोबाइलचं काय? ईमेलवर रजेचं आपोआप जाणारं उत्तर लावा आणि तातडीच्या कामासाठी एका सहकाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीनं द्या. व्हॉट्सअॅपचा ऑफिस ग्रुप आठवडाभर म्यूट करा. “फक्त एक सही हवी होती” असा फोन येईलच. तो घेऊ नका.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली की शेजारच्या कन्नड घरातून बेवु-बेल्ला येईल. म्हणजे आपल्यासारखाच कडुनिंब आणि गूळ. ताट रिकामं परत पाठवायचं नसतं, तेव्हा श्रीखंड थोडं जास्तच करा. दुपारी त्यांचं ओब्बट्टू येईल. ती आपली पुरणपोळीच! त्यावर साजूक तूप घ्या, जेवा आणि पंखा लावून चार वाजेपर्यंत खुशाल झोपा.