‘शक्य तितके’ या शब्दांचे ओझे

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) जनपथावरील मुख्यालयात 2022 च्या जुलैमध्ये एचआयव्हीबाधितांनी ठिय्या दिला. तो महिन्याहून अधिक काळ चालला. मागणी कोणत्याही नव्या सवलतीची नव्हती; सरकार जी औषधे मोफत देते, ती खंड न पडता मिळावीत, एवढीच होती. देशपातळीवर साठा पुरेसा असल्याचे सरकारचे उत्तर होते. वरच्या पातळीवरचा साठा आणि रुग्णाच्या हातातील गोळी यांतील हे अंतर म्हणजेच या प्रश्नाचे राजकारण होय.

भारताची वाटचाल नाकारण्याजोगी नाही. 1986 मध्ये चेन्नईत पहिल्या बाधितांचा शोध लागला, 1992 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2001 मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार 350 डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्यासाठी दहा हजार डॉलर मोजावे लागत. 1 एप्रिल 2004 पासून निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकीच एक. 2017 पासून निदान होताच उपचार हे धोरण लागू झाले. 2010 च्या तुलनेत नव्या संसर्गांत चाळीस टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे सरकारी अंदाज सांगतात.

तरीही ‘सार्वत्रिक’ हा शब्द अजून दूरच आहे. 2023 च्या अंदाजानुसार देशात 25 लाखांहून अधिक बाधित असून सर्वाधिक, म्हणजे सुमारे चार लाख, महाराष्ट्रात आहेत. 2025 साठीचे उद्दिष्ट 95-95-95 असे होते. 2023-24 मधील स्थिती मात्र 81-88-97 अशी होती. शंभरांपैकी 81 जणांना स्वतःच्या संसर्गाची माहिती आणि त्यांपैकी 88 टक्के उपचाराखाली, असा हिशेब केल्यास सुमारे सात लाख माणसे उपचाराबाहेर उरतात. जे उपचार घेतात, त्यांतील बहुतेकांच्या रक्तातील विषाणू आटोक्यात येतो. अर्थात, औषध निकामी ठरलेले नाही; माणूस केंद्रापर्यंत पोहोचत नाही, हे खरे दुखणे आहे.

ते का पोहोचत नाहीत? कलंकाची भीती हे एक कारण. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या कलम 377 मधील तरतुदीचा अडसर 6 सप्टेंबर 2018 रोजी दूर झाला. समाजाची नजर तितक्या वेगाने बदलत नाही. दुसरे कारण स्थलांतर. गाव सोडून परप्रांतात रोजगार शोधणाऱ्याची नोंद एका केंद्रात आणि मुक्काम दुसऱ्या राज्यात असतो. नोंद वर्ग करण्याची सोय आहे. पण रोजंदारी बुडवून, ओळख उघड होण्याचा धोका पत्करून ती करून घ्यायची कोणी? गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि औषधांना दाद न देण्याची शक्यता वाढते.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 रोजी अमलात आला. भेदभावाला त्याने मनाई केली, राज्यांनी लोकपाल नेमण्याची तरतूद केली. मात्र उपचार पुरविण्याच्या सरकारी जबाबदारीला ‘शक्य तितके’ अशी पळवाट जोडली गेली. औषधखरेदी प्रामुख्याने केंद्राची, रुग्णालये राज्यांची. अशा व्यवस्थेत हे दोन शब्द दोघांनाही सोयीचे ठरतात. 2030 पर्यंत एड्सचे संकट संपविण्याचा संकल्प करणाऱ्या देशाने ही सोय आधी संपवायला हवी.