बर्लिनचे तिकीट आणि मंद्रूपची आक्का

आमच्या मंद्रूपला तिकिटाची काळजी कुणी करीत नाही. विजापूर रस्त्याला उभे राहावे, एस. टी. आली की चढावे. पुढचे कंडक्टर पाहून घेतो. सोलापूर येईपर्यंत तो दोनदा तरी ओरडतो, "कुणी राहिलंय का?" या तालमीत वाढलेला माझा भाचा दोन वर्षांपूर्वी बर्लिनला शिकायला गेला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याची गाठ पडली ती कंडक्टर नसलेल्या गाडीशी!

तिथल्या भुयारी रेल्वेला ना फाटक, ना दारावर तिकीट पाहणारा. सरळ जावे नि गाडीत बसावे. कागदी तिकीट मात्र आधी एका लहानशा यंत्रात सरकवून त्यावर वेळेचा शिक्का उठवायचा. शिक्का नाही, तर ते तिकीटच नव्हे. भाच्याने तिकीट घेतले आणि जपून खिशात ठेवले. दोन स्टेशने गेली. शेजारचा साध्या कपड्यांतला उतारू उठला, त्याने ओळखपत्र दाखवले आणि तो तपासनीस निघाला! दंड ६० युरो. म्हणजे आपले सुमारे सहा हजार रुपये.

त्या रात्री फोन मला आला, आईला नव्हे. "मामा, सगळा डबा माझ्याकडं बघत होता. मी चोर नाही हो." त्याच्या शिक्षणासाठी आक्काने पाटल्या मोडल्या होत्या, ते त्याला आठवत असणार.

मी त्याला इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट सांगितली. बाई १९२८ साली याच बर्लिनला गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवून आल्या. त्यांची संशोधनसंस्था दालेम भागात होती. भाच्याचे विद्यापीठही तिथेच. तिकडची भुयारी रेल्वे १९१३ पासूनची. म्हटले, "परके गाव नवख्याला बुजवतेच. उद्या त्याच गाडीत बस."

तो बसला. पुढे विद्यापीठात नाव दाखल झाले, फीबरोबरच पास हाती आला आणि शिक्क्याची कटकट मिटली.

गेल्या दिवाळीत मी भीत भीत आक्काला सारे सांगितले. तिने पणतीची वात सारखी केली नि विचारले, "तिकीट काढलं होतं न्हवं?"

"होय."

"मग झालं तर. चोर कशाचा?"

परवा तिच्याबरोबर सोलापूरला निघालो होतो. कंडक्टरने तिला अर्धे तिकीट दिले. ते उलटसुलट पाहून आक्का त्याला म्हणाली, "शिक्का कुठं मारायचा रे बाबा?"