पृथ्वीचा गोळा आणि मैदानातला निंब
(लेखमाला : शाळा आणि परिसर, भाग ६)

मागच्या भागात पाठ्यपुस्तकातल्या परिसर अभ्यासाबद्दल लिहिलं होतं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, तो धागा तिथे आला. या वेळी वेळापत्रकाबाहेरच्या गोष्टी पाहू : चित्रकला, घोषवाक्य, निबंध, ‘टाकाऊतून टिकाऊ’.

जळगाव असो की धुळे, चित्रस्पर्धेचे कागद टेबलावर पसरले की निम्म्याहून अधिक एकाच हातचे वाटतात. रडणारी पृथ्वी, ओंजळीत धरलेला हिरवा गोळा, अर्धं वाळलेलं नि अर्धं पालवलेलं झाड. दोष मुलांचा नाही, विषयाचा आहे. ‘पर्यावरण वाचवा’ म्हटलं की पोरगं मोबाइल उघडतं आणि दिसेल ते उतरवतं. मैदानातला निंब कागदावर येतच नाही. चित्रकलेच्या जुन्या एलिमेंटरी परीक्षेत निसर्गचित्राचा पेपर असे. समोर खरी फांदी, तीच काढायची. पानं समोरासमोर फुटतात की एकाआड एक, हे न्याहाळल्याशिवाय पेन्सिल चालत नसे. त्या पेपरात मला आजच्या पोस्टर स्पर्धेपेक्षा जास्त पर्यावरण दिसतं.

वन्यजीव म्हटलं की मुलं वाघ काढतात, फार तर मोर. पण खानदेशाकडे स्वतःचा एक पक्षी आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा १८८४ नंतर खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. तो संपलाच असं जग धरून चाललं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. पुढे यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली. घुबड असून हा दिवसाढवळ्या वावरतो. एवढी गोष्ट सांगून नुसतं ‘रानपिंगळा’ असा विषय द्या आणि काय येतं ते पाहा.

‘टाकाऊतून टिकाऊ’ची तऱ्हा आणखी न्यारी. आदल्या संध्याकाळी पालक स्टेशनरीच्या दुकानात रांग लावतात. चकचकीत कागद, गोंद, चमकी, सगळं कोरं विकत घेतलं जातं आणि निकालानंतर कचऱ्यात जातं. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्याने २०१८ साली बंदी आणली, पण प्रकल्पाखाली थर्माकोल अजून दिसतो. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरला की केळीचं खोड बांधावर किंवा रस्त्याकडेला पडून राहतं. तेच मुलांच्या हाती द्यावं. त्याचा धागा निघतो, खत होतं. सोपट सोलताना किती पाणी गळतं, हे एकदा हातावर घेतलं की केळी किती पाणी पिते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

स्पर्धा कशी असावी याचा उत्तम नमुना मात्र शाळेतला नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर जंगल पुन्हा उभं केलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे पावसाळ्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बायका रानातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. भाजी कुठे उगवते, कोवळी कधी असते, कडूपणा कसा काढायचा, हे माहीत नसेल तर त्या स्पर्धेत उतरताच येत नाही. शिवाय जंगल राहिलं तरच पुढच्या वर्षी ताट मांडता येईल. शाळांनी नक्कल करायचीच तर याची करावी. मुलांनी आजीला विचारून टाकळा, कुर्डू, कर्टुली ओळखाव्यात, पानाचं चित्र काढावं, सापडलेली जागा लिहावी. खुडणं आणि खाणं मात्र जाणत्या माणसासोबतच, कारण रानात सारखी दिसणारी पानं पुष्कळ.

तारखेचाही विचार हवा. पर्यावरण दिनासाठी ५ जून ठरला तो १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेवरून. आपल्याकडे तेव्हा शाळेला सुट्टी असते, जमीन तापलेली असते, लावलेलं रोप आठवडाभरात करपतं. श्रावणात स्पर्धा घेतली तर पाहायला काहीतरी असेल.

आणि गुण. शंभरातले निदान चाळीस नोंदवहीला ठेवावेत : कोणत्या दिवशी, कुठे, काय पाहिलं. चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल. पहिल्या क्रमांकाला प्लास्टिकचं मानचिन्ह देण्याऐवजी सगळ्या वर्गाला एक दिवस सातपुड्यातल्या पाल या गावी न्यावं. खर्चासाठी पालकसभेत विषय काढला तर हात पुढे करणारे मिळतात.

पुढच्या भागात पांझरा नदीकाठची फड सिंचन पद्धत.